जरा उजेडात दाखवा

पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१. गेली तीन वर्षं त्या घरातून साड्या विकतात. येवल्याच्या विणकरांकडच्या पैठण्या, शिवाय इरकली आणि खणाच्या साड्या. फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवरच काढतात, ग्राहकांना साड्या दाखवायला ऑनलाइन लाइव्हही करतात, तेही घरातलं सगळं आवरून रात्री दहानंतर. हॉलमधली ट्यूब, पीओपीतले पिवळे दिवे आणि १० इंची रिंग लाइट, हे सगळं एकदम लावून. गेल्या चार महिन्यांत नऊ साड्या परत आल्या. तक्रार एकच: 'फोटोतला रंग वेगळा होता.' एकीने तर 'फसवणूक' असा शब्द वापरला. भाच्याने ऑनलाइन एक 'पूर्ण स्टुडिओ कीट' शोधून दिलं आहे. दोन सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे लावायचे, उजेड मऊ करणारे कापडी डबे), आठ बल्ब, तीन स्टँड, मागचा पडदा, किंमत २८ हजार, हप्त्याने. पती म्हणतात, धंद्यात सुटलेलं सगळं धंद्यातच घातलं तर हातात काय राहणार? सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी साडी दाराशी नेऊन बघायचो. ताई विचारतात, 'स्वस्तातला दिवा घेतला तिथेच चुकलं का? आता हप्ते काढून चांगला सेट घेऊ, की फोटोग्राफरलाच बोलावू?'

ताई,

तुमच्या पत्रातला 'फसवणूक' हा शब्द मला लागला. त्याच्यापुढे तुम्ही दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, तिथे काय लिहायचं होतं ते कळतं. म्हणून आधी तेवढंच सांगते. तुम्ही कुणाला फसवलेलं नाही, आणि त्या बाईंनीही उगाच तक्रार केलेली नाही. एकच साडी तुम्ही दोघींनी दोन वेगळ्या उजेडांत पाहिली, एवढंच झालं आहे.

आता दिव्याकडे येऊ. 'स्वस्तातला घेतला म्हणून बिघडलं' असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. तुमच्या हॉलमध्ये रात्री उजेडाची कमतरता नाही. तिथे एकाच साडीवर तीन जातींचे उजेड पडतात, आणि खरी अडचण ती आहे. आपल्याकडची पांढरी ट्यूब निळसर असते, खोक्यावर बहुतेक वेळा ६५०० केल्विन लिहिलेलं असतं (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर). छतातले पिवळे दिवे २७०० ते ३००० केल्विनचे. रिंग लाइटचं बटण ज्या खुणेवर असेल तसा त्याचा तिसराच रंग. मोबाइल या सगळ्यांचा मेळ घालून पांढरं कशाला म्हणायचं ते ठरवतो आणि दर फोटोला ते बदलतो. पदर छताच्या दिव्याखाली पिवळट होतो, निऱ्या ट्यूबच्या बाजूला निळसर. मग एडिटिंगमध्ये पदर सुधारायला जावं तर निऱ्या बिघडतात. अशा हॉलमध्ये २८ हजारांचं कीट आणलं तर गोंधळात चौथ्या उजेडाची भर पडेल.

परत आलेल्या नऊ साड्यांची यादी तुम्ही जोडलीत हे फार बरं केलंत. चार डाळिंबी, दोन वांगी, एक राणी, एक हिरवी आणि एक मोतिया. म्हणजे नऊपैकी सात लाल-जांभळ्या घरातल्या. हे योगायोगाने झालेलं नाही. दिवा रंग किती खरे दाखवतो ते मोजायला सीआरआय नावाचा आकडा वापरतात, १०० पैकी. घरगुती एलईडी साधारण ८०च्या आसपास असतात. ८० ऐकायला चांगले गुण वाटतात, पण हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीचा आहे. गडद लाल त्या आठांत धरलेलाच नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, त्याला आर९ म्हणतात, आणि ८० सीआरआयच्या एलईडीत तो शून्याच्या आसपासही असू शकतो. दिव्यातच लाल नसेल तर डाळिंबी साडी लाल उजेड डोळ्यांकडे परतवणार कुठून? ती विटकरी नाहीतर तपकिरी दिसते. वांगी तर मोबाइलच्या कॅमेऱ्याला एरवीही जड जातो, तो निळ्याकडे झुकतो. मी स्वतः एका नातेवाइकांच्या लग्नातला शालू साध्या एलईडीखाली टिपला होता. अल्बम आला तेव्हा नवरीच्या आईने विचारलं, 'ही कुणाची साडी?' पुढे बराच काळ मी कॅमेऱ्यालाच दोष देत होते.

काहीही विकत घेण्याआधी एक रात्र आणि एक सकाळ यासाठी काढा. परत आलेली एक डाळिंबी साडी दांडीवर टाका, मोबाइल कशाला तरी टेकवून एका जागी पक्का करा. फक्त ट्यूब लावून एक फोटो, फक्त छताचे दिवे लावून एक, फक्त रिंग लाइटवर एक, मग सगळं लावून एक. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तीच साडी खिडकीशी न्या. घरातला एकूण एक दिवा बंद करा आणि पाचवा फोटो काढा. मग तिथेच, खिडकीत उभं राहून पाचही फोटो साडीशेजारी धरून बघा. या कामाला पैसा लागत नाही, आणि माझ्या शब्दांपेक्षा तुम्हाला त्यातून जास्त कळेल.

'घरातला एकूण एक दिवा' हे मुद्दाम लिहिलं आहे. फोटो काढायचा म्हटलं की आपला हात सवयीने बटणाकडे जातो. भर दिवसा खिडकीशी उभं राहून आपण वर ट्यूब लावतो, आणि खिडकीचा चांगला उजेडही त्यात बिघडतो. साडीच्या कामात मी एकच नियम कडक पाळते: एका वेळी एकच उजेड.

आता 'रात्री दहानंतरच वेळ मिळतो' याबद्दल. तुमचा दिवस कसा जातो ते पत्रावरून दिसतंय, त्यामुळे 'सकाळी लवकर उठा' असलं काही मी सांगणार नाही. पण फोटो आणि लाइव्ह ही दोन कामं तुम्ही एकत्र बांधली आहेत, ती सुटी करता येतील का? लाइव्ह रात्रीच होणार, कारण तुमच्या ग्राहक बायकाही तेव्हाच मोकळ्या होतात. फोटोंना मात्र आठवड्यातून एक सकाळ पुरेल. जागा एकदा मांडून ठेवली की एका साडीला दहा मिनिटं धरली तरी दोन तासांत बारा साड्या होतात. ती सकाळ रविवारची असेल तर चहा-नाश्ता घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघावा, हे मी तुमच्या यजमानांसाठीही लिहिते आहे. पैसे वाचवायचे तर हा वाटा उचलावा लागेल.

तुमची मोठी खिडकी पश्चिमेला आहे, म्हणजे दुपारपर्यंत तिच्यातून थेट ऊन येत नाही, नुसतं आभाळ येतं. साडीला तेच हवं. जुने फोटोग्राफर स्टुडिओला उत्तरेकडून काच घेत, ती याचसाठी. (उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही असं मात्र नाही. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो.) दादासाहेब फाळक्यांनी १९१२-१३ मध्ये दादरला आपला पहिला चित्रपट केला तोही सूर्याच्या उजेडावर. पावसाळ्यात उजेड नाही म्हणून तुम्ही काम थांबवता असं लिहिलंय, पण ढगाळ आभाळ म्हणजे सगळ्यात मोठा सॉफ्टबॉक्स. उजेड कमी वाटला तर मोबाइल स्टँडवर लावा, हात हलणार नाही आणि फोटो स्वच्छ येईल.

साडी खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकीला काटकोनात टांगा, म्हणजे उजेड एका बाजूने येईल. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची मोठी पांढरी शीट उभी करा. बाजूच्या उजेडात विणकाम उठून दिसतं. रिंग लाइट नेमकं उलटं करतो. तो कॅमेऱ्याच्या डोळ्याभोवतूनच उजेड टाकतो, सावली पुसून टाकतो आणि खणाची वीण सपाट छापील कापडासारखी दिसू लागते. चेहऱ्याच्या मेकअपला तो ठीक आहे, साडीला नाही. जरीचं तर आणखी वेगळं आहे. जर ही आरशासारखी वागते. तिची झळाळी म्हणजे समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब. समोर छोटा प्रखर दिवा असेल तर चार ठिकाणी पांढरे ठिपके आणि बाकी जर काळी. समोर मोठी पांढरी शीट असेल तर काठ सलग सोनेरी. पैठणीचे फोटो काढणाऱ्या कुणालाही मी सगळ्यात आधी थर्माकोलच घ्यायला सांगते. शे-दोनशे रुपयांत काम होतं.

दोन गोष्टींकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तुमच्या हॉलची भिंत पिस्ता रंगाची आहे. भिंतीवर आपटून येणारा उजेड भिंतीचा रंग घेऊनच येतो, मोतिया साडी हिरवट दिसली ती बहुधा त्यामुळे. मागे आणि बाजूला साधं पांढरं कापड लावा. पण व्हाइट बॅलन्स (म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) बसवताना त्या कापडावर किंवा कागदावर विसंबू नका. आपल्याकडचे पांढरे कपडे नीळ घातलेले असतात, साबणाच्या पावडरीत आणि कागदातही चकाकीची रसायनं असतात. डोळ्यांना पांढरं दिसतं, कॅमेऱ्याला निळसर. त्यासाठी 'ग्रे कार्ड' नावाचं राखाडी कार्ड मिळतं, काही शे रुपयांत. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये त्यावरून व्हाइट बॅलन्स एकदा बसवा आणि सगळ्या साड्या होईपर्यंत हलवू नका. तुमच्या फोनमध्ये ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप मोफत आहे, व्हिडिओसाठी त्यात सगळं हाताने ठरवता येतं.

राहिलं रात्रीचं लाइव्ह. तिथे दिवा लागणारच, आणि तिथे पैसे घालायला माझी ना नाही. फक्त एकच दिवा घ्या, पण चांगला. बाजारात ज्याला सीओबी लाइट म्हणतात (एकाच मोठ्या एलईडी चिपचा दिवा), तो ६० वॉटच्या आसपासचा, ५६०० केल्विनचा, सीआरआय ९५च्या वर असलेला. गोडॉक्स, डिजिटेक, सिम्पेक्स यांच्यासारख्या कंपन्यांचे दिवे आपल्याकडे मिळतात. दिवा, तीन फुटी सॉफ्टबॉक्स आणि मजबूत स्टँड मिळून साधारण १० ते १४ हजारांत बसावं. रंग बदलणारा महाग दिवा तुम्हाला नको. ५६०० चा उजेड दिवसाच्या उजेडाच्या जवळचा असतो, त्यामुळे सकाळचे फोटो आणि रात्रीचं लाइव्ह एकमेकांशी जुळेल. सॉफ्टबॉक्स बसवण्याची खाच 'बोवेन्स' पद्धतीची आहे का तेवढं बघा. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद पडली, पण तिची खाच जगभर इतकी रुळली आहे की पुढे बऱ्याच कंपन्यांचं सामान तिच्यावर बसतं.

खोक्यावरच्या '८०० वॉट इतका उजेड' अशा मजकुराकडे दुर्लक्ष करा. एक मीटरवर किती लक्स (म्हणजे किती उजेड पडतो), आणि सीआरआय किती, हे दोन आकडे विचारा. जमलं तर आर९ही. भाच्याच्या कीटमध्ये आठ बल्ब आहेत, पण त्यांच्या सीआरआयचा उल्लेख तुम्ही पाठवलेल्या माहितीत कुठेच नाही. शिवाय ते आट्यांचे, ई२७चे आहेत. घरात आपण पिनेचे वापरतो, म्हणजे उडाला की कोपऱ्यावरच्या दुकानात तसाच मिळेलच असं नाही. आणि आठातला एक वेगळ्या कंपनीचा लागला की रंगाची पुन्हा तीच कटकट. भाच्याने मनापासून शोधलंय, त्याला वाईट वाटू देऊ नका. त्याला पुढचं काम द्या, ते त्याला आवडेल. दुकानात दिवा लावून त्याने मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. उजेड पूर्ण ठेवून एकदा आणि मंद करून एकदा बघायचं, कारण काही दिवे मंद केल्यावरच लुकलुकतात. स्वतः रेकॉर्ड करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (एक फ्रेम टिपायचा वेळ) १/५० सेकंद ठेवून हे टाळता येतं, पण लाइव्हमध्ये ती सोय सहसा नसते. म्हणून दिवाच न लुकलुकणारा हवा. भाचा व्हिडिओ काढत असताना तुम्ही पंख्याचा आवाज ऐका. या दिव्यांत थंड करायला पंखा असतो, आणि लाइव्हमध्ये तुमच्या आवाजामागे तो घरघरत राहतो.

दुकानात जाताना पर्समध्ये डाळिंबी रंगाचा एक ब्लाउजपीस न्या. दिव्याखाली धरा, मग दुकानाच्या पायरीवर जाऊन बघा. बायका साडीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या आहेत, 'जरा उजेडात दाखवा.' तपकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, एखादा विक्रेता कंटाळेलही. कंटाळू दे.

घरी दिवा साडीपासून साधारण पाच फुटांवर, बाजूने ठेवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणून ६० वॉट जवळून भरपूर होतात. पण फार जवळ, वरच्या टोकाला लावलात तर पदर लख्ख आणि खालचा काठ अंधारात जाईल. अंदाजे साडीच्या मध्याइतकी उंची धरा. तुम्ही स्वतः बोलत असाल तेव्हा तोच दिवा थोडा वर, चेहऱ्याच्या तिरकस बाजूला न्या, चष्म्यात चमक येणार नाही. बाकीचे सगळे दिवे बंद. खोली अंधारी वाटेल, कॅमेऱ्यात वाटणार नाही. स्टँडच्या पायावर पाच किलो वाळूची पिशवी ठेवा आणि वायर जमिनीला चिकटवा, घरात मुलं आहेत.

धूपछाव पैठणीचं मात्र वेगळं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की साडी रंग बदलते. तिचा एक 'खरा' रंग नसतोच, म्हणून एका फोटोत ती सांगता येणार नाही. खिडकीशी उभं राहून पदर सावकाश फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि प्रत्येक धूपछाव साडीसोबत तो पाठवाच.

फोटोग्राफर बोलवावा का? दिवाळीआधी सात-आठ भारी पैठण्यांसाठी जरूर बोलवा, मॉडेलही घ्या, वर्षभर ते फोटो कामाला येतील. दर आठवड्याच्या मालाला तो खर्च पेलणार नाही. तुम्हाला एका साडीमागे ६००-७०० रुपये सुटतात असं तुम्ही लिहिलंय. त्या हिशोबाने २८ हजार म्हणजे चाळीसहून जास्त साड्या. तेवढ्या साड्या नुसत्या हप्त्यांसाठी विकायच्या, हे तुमच्या यजमानांना खटकतंय, आणि या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. महिनाभर फक्त खिडकी, थर्माकोल आणि ग्रे कार्ड एवढ्यावर काम करा. किती साड्या परत येतात ते लिहून ठेवा. त्यानंतर लाइव्हसाठी दिवा घ्या, रोखीने.

एवढं सगळं करूनही ग्राहकाच्या फोनचा पडदा तुमच्या हातात नाही. कुणी रंग भडक करून ठेवलेले असतात, कुणाचा फोन रात्री आपोआप पिवळा होतो. तिथे शब्द कामाला येतात. फोटोखाली तुम्ही 'मरून', 'पर्पल' लिहिता. त्यात ग्राहकाला काहीच दिसत नाही. आपल्याकडे आमसुली आहे, अंजिरी आहे, गुलबाक्षी, चिंतामणी, मोरपंखी, शेंदरी आहे. 'पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा, किंचित काळपट' असं लिहिलंत तर त्या बाईच्या डोळ्यासमोर फोनशिवायही साडी उभी राहील.

आणि हे शब्द तुमच्या घरात कुणाकडे आहेत ते तुमच्या पत्रातच दिसतं. रविवारी सकाळी सासूबाईंना खिडकीशी खुर्ची द्या. एका हातात साडी, दुसऱ्या हातात फोटो दाखवा, रंगाचं नाव त्यांना विचारा आणि ते जसंच्या तसं फोटोखाली लिहा. त्या 'हा रंग तो नव्हे' म्हणाल्या, तर तो फोटो पाठवू नका, दुसरा काढा.